तांब्याची चकती आणि बोटाची चाहूल

खामगाव, चिखली किंवा मलकापूरच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात इंडक्शन शेगडी उघडून ठेवलेली असेल, तर तिच्या काचेखाली बटण शोधून सापडत नाही. पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किटच्या बोर्डावर, सोल्डर केलेल्या चार-सहा धातूच्या स्प्रिंगा असतात आणि त्यांची टोके काचेला आतून टेकलेली असतात, एवढेच. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे किंवा भिंतीवरच्या टच स्विचबोर्डाचे पॅनेल सोडवले, तर पुष्कळदा स्प्रिंगाही दिसत नाहीत. बोर्डावर तांब्याच्या गोल चकत्या तेवढ्या असतात. दाबले जाणारे, झिजणारे, खटका मोडून बसणारे असे तिथे काहीच नाही. तरी वर बोट टेकताच यंत्राला ते कळते.

हे कसे कळते, आणि ते बिनचूक कळावे म्हणून बोर्ड कसा आखावा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

रेझिस्टर, आयसी, रिले या वस्तू दुकानातून आणता येतात. टच बटण रेखाटावे लागते. बोर्डावर तांबे आधीपासूनच असते. त्यातले कोणते ठेवायचे आणि कोणते काढून टाकायचे, चकतीचा व्यास किती घ्यायचा, तिच्याभोवती मोकळी जागा किती सोडायची, वरचे आच्छादन काचेचे की प्लॅस्टिकचे आणि किती जाड, अशा निर्णयांतून ते बटण घडते. म्हणजे या घटकाची किंमत जवळजवळ सगळी ज्ञानाची आहे. मोठे इलेक्ट्रॉनिक्स कारखाने हाताशी नसलेल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला, डिप्लोमा झालेल्या तरुणाला आणि दुरुस्तीच्या कारागिराला हा विषय खुला आहे तो यामुळेच. शिवाय बुलढाणा जिल्ह्यात ऊन, पाऊस, माती आणि वीजपुरवठा या चारही गोष्टी सेन्सरची कसून परीक्षा घेतात. इथे नीट चालणारा बोर्ड आखता आला, तर तो बहुतेक ठिकाणी चालेल.

आधी मूळ तत्त्व. समोरासमोर असलेले दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा पदार्थ, याला कपॅसिटर म्हणतात. पंख्यातला किंवा पाण्याच्या मोटरचा कंडेन्सर तो हाच. विद्युतभार साठवण्याची त्याची क्षमता, म्हणजेच कपॅसिटन्स, तीन गोष्टींवर ठरते: वाहकांचे क्षेत्रफळ, त्यांच्यातले अंतर आणि मधला पदार्थ. पदार्थाचा हा गुण डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने सांगतात. हवेचा स्थिरांक जवळपास १, अ‍ॅक्रिलिकचा ३ च्या थोडा आत, पीसीबी ज्या एफआर-४ पासून बनते त्याचा साधारण ४.२ ते ४.६, काचेचा ७ च्या आसपास आणि पाण्याचा सुमारे ८०. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया या पाच आकड्यांवर उभा आहे.

टच बटणात एक वाहक म्हणजे तांब्याची चकती आणि दुसरा म्हणजे माणसाचे बोट. १० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर भरते. तिच्यावर २ मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर बोट, असे धरून गणित केले तर उत्तर येते सुमारे १ पिकोफॅरड, म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. अ‍ॅक्रिलिक ४ मिलिमीटर घेतले की ते निम्म्यावर येते. त्याच जागी २ मिलिमीटरची काच बसवली की ते अडीच पट होऊन २.४ पिकोफॅरडच्या आसपास जाते. सेन्सरला ओळखायचा आहे तो एवढाच फरक.

या विषयातली सर्वात महाग पडणारी चूकही याच गणितात दिसते. अ‍ॅक्रिलिकचे पॅनेल बोर्डाला नीट चिकटले नाही आणि मध्ये अर्ध्या मिलिमीटरची हवेची फट राहिली, तर १ पिकोफॅरडचे सुमारे ०.५७ होते. जवळजवळ ४० टक्के संकेत त्या फटीत जातो. हवेचा स्थिरांक सर्वात कमी असल्याने तिचा पातळ थरही जाड प्लॅस्टिकइतका अडथळा करतो. म्हणून अनुभवी डिझाइनर पॅनेलची जाडी ठरवण्याआधी ते बोर्डाला कशाने चिकटवायचे हे ठरवतात. पातळ, बुडबुडे न धरणारी दुहेरी चिकटपट्टी लावतात, किंवा शेगडीत असते तशी स्प्रिंग वापरून तांबेच काचेपर्यंत नेतात. जिल्ह्यातल्या मातीत हीच फट पुन्हा भेटणार आहे.

बोट जमिनीशी जोडलेले नसते, पायात चप्पल असते, मग कपॅसिटरचे दुसरे टोक पूर्ण कसे होते? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर असे की माणसाचे शरीर स्वतःच जमिनीसापेक्ष मोठा कपॅसिटर आहे. स्थिर विजेच्या चाचण्यांमध्ये मानवी शरीरासाठी १०० पिकोफॅरड हे मूल्य प्रमाण धरले जाते. बोटाच्या १ पिकोफॅरडसमोर ते इतके मोठे आहे की चप्पल घातली काय आणि काढली काय, निकालात नगण्य फरक पडतो. अडचण दुसऱ्या बाजूने येते. उपकरण स्वतः बॅटरीवर चालणारे आणि लहान असेल, तर त्याचाच जमिनीशी असलेला संबंध क्षीण असतो. तेच उपकरण चार्जरला जोडले की बटणाची संवेदनशीलता बदलते. म्हणून बॅटरीवर आणि चार्जरवर, अशा दोन्ही वेळा चाचणी घ्यावी लागते.

शरीराच्या या गुणाचा पहिला गाजलेला उपयोग संगीतात झाला. रशियन संशोधक लेव्ह तेर्मेन याने १९२० च्या सुमारास असे वाद्य बनवले की ज्याला वादक हात लावत नाही. हात अँटेनाच्या जवळ-दूर नेला की कपॅसिटन्स बदलते आणि त्यासोबत स्वर बदलतो. पडद्याला स्पर्श करून यंत्राला सूचना देण्याची कल्पना इंग्लंडमधल्या माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटच्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये मांडली. विमान वाहतूक नियंत्रकांचे काम सोपे करणे हा तिचा हेतू होता. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांना नव्या प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षातली शेकडो बटणे आणि मुठी कमी करायच्या होत्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टुम्पे यांनी काचेवर तांब्याच्या अतिशय बारीक रेषा काढून पारदर्शक टच पडदा तयार केला. सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन हा प्रवेगक १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्या नियंत्रण कक्षात हे पडदे कामाला होते.

या इतिहासात एक गोष्ट पीसीबी शिकणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. नको असलेले तांबे काढून टाकून हवा तो आकार शिल्लक ठेवायचा, ही स्टुम्पे यांच्या पडद्यामागची पद्धत पीसीबीचीच होती. मूळचे ऑस्ट्रियाचे पॉल आइस्लर यांनी १९३६ मध्ये लंडनमध्ये रेडिओसाठी छापील सर्किट बनवले, तेव्हापासूनची ही वाट आहे. २००७ मध्ये आयफोन आला आणि कपॅसिटिव्ह पडदा घराघरांत ओळखीचा झाला. रेझिस्टिव्ह आणि कपॅसिटिव्ह पडद्यांतला फरक भारतीय विद्यार्थ्यांच्या हातात ‘आकाश’ टॅब्लेटने दिला. २०११ च्या पहिल्या ‘आकाश’चा पडदा रेझिस्टिव्ह होता, दाब देऊन त्याचे दोन थर एकमेकांना टेकवावे लागत. आयआयटी मुंबईच्या सहभागाने नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘आकाश-२’ ला कपॅसिटिव्ह पडदा मिळाला आणि हलक्या स्पर्शाने काम होऊ लागले.

पडदे बनवणे हा मोठ्या कारखान्यांचा उद्योग आहे. बटणे, सरकपट्ट्या आणि चाके मात्र साध्या पीसीबीवर बनतात. त्यांच्या आखणीचे नियम थोडे आहेत. प्रत्येक नियमामागे वरचेच गणित आहे, म्हणून ते पाठ करण्यापेक्षा समजून घेणे सोपे जाते.

चकती बोटाएवढी असावी. ८ ते १५ मिलिमीटर हा सामान्य पल्ला आहे. त्याहून लहान घेतली तर संकेत कमी पडतो. बोटाहून बरीच मोठी घेतली तर बोटाने झाकलेले क्षेत्र काही वाढत नाही, फक्त आजूबाजूचा नॉइज, म्हणजे नको असलेले विद्युत संकेत, जास्त गोळा होतो. आकार गोल किंवा कोपरे गोलावलेला चौकोन. तांबे उघडे ठेवायची गरज नाही. सोल्डर मास्कचा थर इतका पातळ असतो की त्याचा अडथळा जाणवत नाही आणि तांबे हवेपासून सुरक्षित राहते.

मग येते ग्राउंड. नॉइज रोखायला चकतीभोवती आणि खाली ग्राउंडचे तांबे हवे, पण तेच तांबे चकतीशी कपॅसिटर तयार करून तिची मूळ कपॅसिटन्स वाढवते. १.६ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोर्डावर १० मिलिमीटरच्या चकतीखाली सलग ग्राउंड असेल तर सुमारे १.९ पिकोफॅरडची भर पडते, आणि कडांमुळे आणखी थोडी. हेच डिझाइन ०.२ मिलिमीटरच्या पातळ बोर्डावर नेले तर ती भर १५ पिकोफॅरडच्या वर जाते. बोटाचा १ पिकोफॅरड त्यात शोधणे अवघड होते. म्हणून सलग तांब्याऐवजी जाळी वापरतात. सायप्रेस कंपनीच्या मार्गदर्शिकेत वरच्या थरावर सुमारे २५ टक्के आणि खालच्या थरावर सुमारे १७ टक्के तांबे भरणारी जाळी सुचवलेली आहे. चकती आणि तिच्याभोवतीच्या ग्राउंडमध्ये निदान अर्धा मिलिमीटर अंतर सोडावे. आच्छादन जाड असेल तर हे अंतर वाढवावे.

ट्रॅक हा या कामातला सर्वात दुर्लक्षित भाग. चकतीपासून आयसीपर्यंत जाणारा ट्रॅकसुद्धा सेन्सरच असतो. त्याच्यावरून बोट गेले तर तोही ते जाणतो. म्हणून तो बारीक आणि आखूड हवा, शक्यतो बोर्डाच्या मागच्या बाजूने नेलेला, म्हणजे बोट आणि ट्रॅक यांच्यामध्ये बोर्डाची जाडी येते. एलईडीच्या, मोटरच्या किंवा डेटाच्या ट्रॅकला समांतर तो कधीच नेऊ नये. ओलांडायचाच असेल तर काटकोनात ओलांडावा. आयसीच्या पिनजवळ एक छोटा सिरीज रेझिस्टर लावतात, सायप्रेसच्या शिफारशीत तो ५६० ओहमचा आहे. ट्रॅकने अँटेनासारखी पकडलेली उच्च वारंवारतेची लाट तो आयसीत शिरण्याआधी क्षीण करतो.

यानंतर मोजणी. सर्वात साधी पद्धत अशी: १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून चकती चार्ज करायची आणि ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजायचे. चकतीची मूळ कपॅसिटन्स १० पिकोफॅरड असेल तर रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा कालस्थिरांक १० मायक्रोसेकंद येतो. बोट आले की तो ११ होतो. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या साध्या मायक्रोकंट्रोलरला हा एक मायक्रोसेकंद म्हणजे १६ टिक. शेकडो मोजण्यांची सरासरी घेतली की फरक स्पष्ट उठून दिसतो. अधिक काटेकोर पद्धतीत चकतीवरचा भार थोडा थोडा करून मोठ्या कपॅसिटरमध्ये ओततात आणि तो भरायला किती वेळा ओतावे लागले ते मोजतात. हॅल फिलिप यांच्या क्वांटम रिसर्च ग्रुपने ही भार-हस्तांतर पद्धत व्यवहारात आणली; २००८ मध्ये ती कंपनी अ‍ॅटमेलने घेतली. आज ईएसपी३२ सारख्या सहज मिळणाऱ्या चिपमध्ये टचसाठी १० पिना तयारच असतात.

मोजलेला आकडा तसाच वापरता येत नाही. सकाळचा आकडा दुपारी राहत नाही, कोरड्या दिवसाचा पावसाळी दिवशी राहत नाही. म्हणून प्रोग्राम सतत एक आधाररेषा सांभाळतो, म्हणजे बोट नसतानाचे चालू मूल्य. हळू होणाऱ्या बदलाबरोबर ही रेषा सरकते. झटक्यात झालेला बदल स्पर्श मानला जातो. स्पर्श धरण्याची पातळी आणि सोडण्याची पातळी वेगळ्या ठेवतात, नाहीतर बोट अर्धवट टेकलेले असताना दिवा फडफडत राहतो. ही रेषा किती वेगाने सरकू द्यायची, याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत तयार मिळत नाही. ते उपकरण जिथे बसणार त्या जागेवर ठरते.

बुलढाणा जिल्ह्यात जागा एकसारखी नाही. इथली माणसे जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेतले बुलढाणा शहर आणि पूर्णेच्या सपाट खोऱ्यातले शेगाव यांच्या हवामानातला फरक मे महिन्यात एका बसप्रवासात अंगाला जाणवतो. खोऱ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. उन्हात असलेले पॅनेल हवेपेक्षा जास्त तापते आणि सावली आली की भराभर निवते. सूर्यप्रकाश थेट पडणाऱ्या पंपाच्या कंट्रोल बॉक्सवर टच बटण बसवायचे असेल, तर आधाररेषा त्या निवण्याच्या वेगाने सरकली पाहिजे, आणि तरीही हळूच टेकलेले बोट तिने गिळून टाकता कामा नये.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाण्याचा स्थिरांक ८० असल्याने पॅनेलवर पसरलेला पातळ थर बोटासारखाच दिसतो. यावर तीन उपाय आहेत. चकतीभोवती एक रक्षक कडे ठेवायचे. ते आणि बटण एकाच वेळी जागे झाले तर तो स्पर्श मानायचा नाही. किंवा चकतीभोवतीच्या जाळीला ग्राउंडऐवजी चकतीच्याच व्होल्टेजने हलवायचे, म्हणजे थेंबांतून भार वाहून जात नाही. किंवा पॅनेल तिरपे बसवून पाणी साचूच द्यायचे नाही. तिसरा उपाय सर्वात स्वस्त आहे आणि पहिल्या दोन्हींना पूरक आहे.

वीजपुरवठ्याचा भाग सगळ्यांत कमी लिहिला जातो. गावातल्या पुष्कळ जोडण्यांना चांगले अर्थिंग नसते. तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन नावापुरती असते. स्वस्त चार्जरचा नॉइज जमिनीत जाण्याऐवजी उपकरणाच्या ग्राउंडवर स्वार होतो, आणि बोट लागताच तो बोटातून वाट काढतो. त्या क्षणी मोजणी बिघडते. शेजारी मोटर सुरू झाली की आणखी बिघडते. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत उत्तम चाललेला बोर्ड शेतातल्या पंपघरात वेडावाकडा वागतो, त्याचे कारण बहुधा इथे सापडते. एकाच चकतीची मोजणी दोन-तीन वेगवेगळ्या वारंवारतांवर करून मधले मूल्य घेणे, हा यावरचा चाचणीत टिकलेला उपाय आहे.

टचचा आग्रह कुठे धरू नये, हेही इथेच सांगायला हवे. मोटर किंवा यंत्र तातडीने बंद करण्याचे बटण यांत्रिकच असले पाहिजे. दृष्टिहीन व्यक्तीला सपाट काचेवर बटण सापडत नाही. तिथे उंचवटा किंवा खाच लागते. जाड हातमोजे घालून फवारणी करणाऱ्याचा स्पर्श पुष्कळदा ओळखला जात नाही, कारण हातमोजा हाही मधला थरच असतो. दुसऱ्या बाजूला, छिद्र नसलेले सलग पॅनेल धूळ, पाणी आणि फवारणीचे औषध आत जाऊ देत नाही, हा टचचा मोठा फायदा शेतीच्या उपकरणांना आहेच.

आता तीच चकती काचेखालून काढून मातीत नेऊ. तांब्याच्या दोन पट्ट्या असलेली पीसीबी जमिनीत खोचली, तर बोटाच्या जागी माती येते. कोरड्या मातीचा स्थिरांक ३ ते ५ आणि पाण्याचा ८०, त्यामुळे ओल वाढली की कपॅसिटन्स वाढते. टच बटण आणि मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर हे एकाच विद्येचे दोन उपयोग आहेत. सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या उपयोगाचे मोल अधिक आहे. मातीचा स्थिरांक आणि तिच्यातले पाणी यांचा संबंध टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या संशोधकांनी १९८० मध्ये एका समीकरणात बसवला आणि तो जगभर वापरला जातो. वऱ्हाडच्या मातीत मात्र तो तसाच्या तसा लावता येत नाही, आणि त्याची दोन ठोस कारणे आहेत.

पहिले कारण काळ्या मातीचा स्वभाव. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. सेन्सरच्या बाजूनेच भेग गेली तर तांबे आणि माती यांच्यामध्ये हवा येते. अ‍ॅक्रिलिकखालची अर्ध्या मिलिमीटरची फट जो घोटाळा करत होती, तोच इथे मोठ्या प्रमाणावर होतो: मातीत ओल असूनही आकडा कोरडा येतो. म्हणून काळ्या जमिनीत सेन्सर उभा खोचण्यापेक्षा आडवा, ओल्या मातीच्या चिखलात लिंपून बसवणे हिताचे ठरते.

दुसरे कारण मीठ. पूर्णेच्या काठाने अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतल्या अनेक गावांत विहिरीचे पाणी खारे लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची गावे मुद्दाम घेतली गेली. खाऱ्या ओलाव्यातून वीज वाहते, आणि कपॅसिटन्स मोजणाऱ्या सर्किटला ही गळती ओलाव्यासारखी भासते. किती, ते पाहण्यासारखे आहे. ओल्या खारट मातीची वाहकता १ डेसिसीमेन प्रति मीटर धरली, तर १ मेगाहर्ट्झ वारंवारतेला गळतीचा भाग स्थिरांकाच्या मापात सुमारे १८०० येतो. खुद्द पाण्याचा ८० त्यापुढे कुठेच नसतो. वारंवारता ७० मेगाहर्ट्झ केली की तोच भाग २६ च्या आसपास उतरतो. ५५५ टायमरवर चालणारे बाजारातले स्वस्त सेन्सर एक-दीड मेगाहर्ट्झच्या घरात किंवा त्याखाली काम करतात. ते खारपाणपट्ट्यात ओलाव्याऐवजी मिठाचा अंदाज देऊ लागतात. डेकॅगन कंपनीने आणलेला ईसी-५ हा सेन्सर ७० मेगाहर्ट्झवर चालतो, तो याच कारणाने. घाटावरच्या चिखलीत पडताळलेला सेन्सर घाटाखालच्या संग्रामपुरात पुन्हा पडताळावा लागेल, असा याचा सरळ अर्थ आहे.

पडताळणीची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. सेन्सरच्या शेजारची माती उचलून वजन करायचे, १०५ अंश सेल्सियसला २४ तास भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचे. गेलेले वजन म्हणजे पाणी. काळी माती फुगत-आक्रसत असल्याने तिची घनताही त्याच वेळी मोजावी लागते. आणखी एक खबरदारी: पीसीबीची कापलेली कड उघडी असते, तिच्यावर सोल्डर मास्क नसतो. तिथून एफआर-४ पाणी शोषतो आणि काही आठवड्यांत आकडे सरकू लागतात. कडांना एपॉक्सीचा हात दिला की हा दोष टळतो.

हे सगळे करण्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था जवळ आहेत. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून या भागात इंजिनिअर घडवत आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारच्या अकोल्यात आहे. माती जाणणारे आणि सर्किट जाणणारे यांच्यामध्ये फार तर तासाभराचा प्रवास आहे. बोर्ड आखण्यासाठी कायकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर मिळते. ते १९९२ मध्ये फ्रान्समध्ये जाँ-पिएर शारास यांनी सुरू केले आणि पुढे त्याच्या विकासाला सर्नने हातभार लावला. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सर्किट आखण्यासाठी ईसिम हे मुक्त साधन तयार केले आहे, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठीतूनही धडे आहेत. घरच्या घरी बोर्ड करायचा तर कॉपर-क्लॅड, लेझर प्रिंटचा टोनर, इस्त्री आणि फेरिक क्लोराइड पुरते. फेरिक क्लोराइड कपड्यांवर आणि कातडीवर डाग पाडते, धातू खाते. हातमोजे घालावेत आणि वापरलेले द्रावण विहिरीजवळ किंवा नाल्यात कधीही ओतू नये.

पुढची प्रकरणे या क्रमाने जातात: चकती, ग्राउंड आणि ट्रॅक, आच्छादन, मोजणी, आधाररेषा, पाणी आणि नॉइज, आणि शेवटी माती. गणित आठवी-नववीच्या भूमितीपलीकडे फारसे जात नाही. ज्याला सोल्डरिंग येते आणि ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे, त्याला हे पुस्तक पुरेल. शिक्षकांनी वर्गात एकच चकती तीन आच्छादनांखाली मोजून दाखवावी. फळ्यावरच्या सूत्रापेक्षा मुलांना ही मोजणी लवकर पटते.

वाचकांना एक विनंती आहे. प्रत्येक मोजणीशेजारी तारीख, वेळ, गाव, तापमान आणि वीज कुठून घेतली ते लिहावे. मातीचे प्रयोग करणाऱ्यांनी जमीन काळी की मुरमाड, पाणी गोडे की खारे, हेही लिहावे. अशा नोंदी घाटावरून आणि घाटाखालून जमा झाल्या, तर या जिल्ह्याच्या मातीसाठी स्वतःचे पडताळणी-कोष्टक तयार होईल, आणि ते शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे असेल. सुरुवातीला लागते ते एवढेच: कॉपर-क्लॅडचा हातभर तुकडा, १ मेगाओहमचा रेझिस्टर, एक मायक्रोकंट्रोलर, २ मिलिमीटरचे अ‍ॅक्रिलिक आणि वही. पहिला प्रयोग पहिल्या प्रकरणातच दिला आहे. तो स्वतः करून, आकडे वहीत उतरवून मगच दुसरे प्रकरण वाचायला घ्यावे.